घर उभे राहिले, निगेटिव्ह राहिली नाही

चेन्नईच्या सालिग्रामम भागात तमिळ दिग्दर्शक आणि छायालेखक बालू महेंद्र यांनी 1980च्या दशकात एक घर बांधायला घेतले. ते राहण्यासाठी नव्हते, चित्रीकरणासाठी होते. 'वीडु' म्हणजे घर, आणि त्या नावाच्या त्यांच्या चित्रपटाची गोष्टही तेवढीच आहे. भाड्याची जागा सोडावी लागणार म्हणून सुधा नावाची नोकरदार तरुणी धाकट्या बहिणीसाठी आणि म्हाताऱ्या आजोबांसाठी स्वतःचे चार भिंतींचे घर बांधायला निघते. पैशांची जमवाजमव, मंजुरीसाठी खेटे आणि कंत्राटदाराची सिमेंटचोरी यांतून पार पडून ती जवळजवळ छपरापर्यंत पोहोचते, तेव्हा कळते की ती जागाच पाणीपुरवठा खात्याने संपादित केलेली आहे. पडद्यावरचे घर अर्धे राहते. प्रत्यक्षातले मात्र महेंद्र यांनी पुढे पुरे केले आणि 2007 साली सुरू केलेली 'सिनेमा पट्टरै' ही आपली चित्रपटशाळा त्याच वास्तूत भरवली. तमिळमध्ये पट्टरै म्हणजे कारागिराची कार्यशाळा.

चित्रपटाच्या नशिबी मात्र नेमके याच्या उलट आले. 1988 साली प्रदर्शित झालेल्या 'वीडु'ला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा आणि त्यातल्या अर्चना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी त्याची मूळ निगेटिव्ह आता उरलेली नाही. त्यानंतरच्या 'संध्या रागम'चीही उरलेली नाही. हे कुणा अभ्यासकाने मागाहून शोधून काढलेले नाही. खुद्द महेंद्र यांनीच हयातीत ते जाहीरपणे सांगितले होते आणि तमिळ चित्रपटांसाठी संग्रहालय उभारावे, अशी मागणी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पुन्हा पुन्हा केली होती. 13 फेब्रुवारी 2014 रोजी ते गेले. श्रद्धांजलीच्या लेखांमध्ये त्यांच्या प्रकाशयोजनेवर भरभरून लिहिले गेले, आणि ती प्रकाशयोजना ज्या पट्टीवर नोंदली गेली होती ती पट्टी कुठे गेली हा प्रश्न मात्र मागेच राहिला. तो प्रश्न एका दिग्दर्शकापुरता नाही, कायद्याचा आहे, असे मला वाटते. भारतात चित्रपट दाखवण्याआधी सरकारची परवानगी लागते, पण तो जपण्याची जबाबदारी कायद्याने कुणावरही टाकलेली नाही, आणि ती टाकायला हवी.

महेंद्र यांच्या आयुष्याचा आराखडा पाहिला की हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. त्यांचा जन्म 1939 साली श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआजवळच्या अमिर्दकळी या गावी झाला. शाळकरी वयात, ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचे युद्धपटाचे चित्रीकरण श्रीलंकेत चालू असताना, ते त्यांना पाहायला मिळाले आणि चित्रपटाचे वेड तिथे लागले, असे ते सांगत असत. पुढे 1960च्या दशकात ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकायला आले. 'प्रभात'च्या जुन्या आवारात भरणारी ती संस्था तेव्हा नवीच होती आणि 1964 साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर तिच्याहूनही नवे होते. त्या संग्रहालयाचे पी. के. नायर देशभर फिरून, कुणाच्या गोदामातून, कुणाच्या गोठ्यातून म्हणावे अशा जागांतून रिळे गोळा करत होते, ते हेच दिवस. म्हणजे आपल्या निगेटिव्ह पुढे हरवणार असलेला हा विद्यार्थी आणि देशाचे चित्रपट हरवू नयेत म्हणून धडपडणारा तो माणूस काही वर्षे पुण्याच्या एकाच परिसरात वावरत होते.

पुण्याहून बाहेर पडल्यावर महेंद्र यांची वाट एका भाषेतून गेलीच नाही. रामू करिआट यांच्या 'नेल्लु' या मल्याळम चित्रपटाने छायालेखक म्हणून त्यांचे नाव झाले. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'कोकिला' 1977 साली कन्नडमध्ये आला आणि त्याच्या छायालेखनासाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महेंद्रन या दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या 'मुळ्ळुम मलरुम'चे आणि के. विश्वनाथ यांच्या तेलुगू 'शंकराभरणम'चे छायालेखन त्यांचे आहे, आणि मणिरत्नम यांच्या पहिल्या चित्रपटाचेही, जो पुन्हा कन्नडच होता. 1982 साली आलेला 'मून्ड्राम पिरै' मराठी प्रेक्षकाला ठाऊक असतो तो त्यांनीच केलेल्या हिंदी 'सदमा'मुळे. पावसात भिजलेले ते डोंगरातले रेल्वे स्टेशन निलगिरीतल्या केत्तीचे आहे. ज्यांनी 'सदमा' एकदा पाहिला आहे त्यांना ते फलाट वेगळे आठवून द्यावे लागत नाही.

या माणसाच्या कामाचा गाभा कथेत कमी आणि उजेडात जास्त होता. मोठमोठे दिवे लावून चेहरे उजळवण्याच्या काळात त्यांनी खिडकीतून येणारा उजेड, धुके, सावली, सकाळचे ओले ऊन यांच्यावर भिस्त ठेवली. पात्राचा अर्धा चेहरा अंधारात राहिला तर राहू दिला. 'वीडु'मध्ये गाणी नाहीत. इळैयराजा यांनी आधी स्वतंत्रपणे केलेल्या एका वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेतलेच तुकडे पार्श्वभूमीला वापरले आहेत. त्यामुळे त्या चित्रपटात सिमेंटची धूळ, ओल्या विटांचा रंग आणि आजोबा झालेल्या चोक्कलिंग भागवतरांच्या अंगावरच्या सुरकुत्या हीच सारी श्रीमंती आहे. मी पाहिलेल्या प्रतीत ती श्रीमंती अंदाजानेच घ्यावी लागली. कडा कापलेल्या होत्या, सावल्यांचे नुसते काळे डबके झाले होते आणि विटा व माती एकाच मळकट रंगाच्या दिसत होत्या. गोष्ट कळली, माणसे कळली. पण छायालेखक म्हणून दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या माणसाचे छायालेखन त्यात कुठे होते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

इथे निगेटिव्ह आणि प्रिंट यांतला फरक थोडा उलगडून सांगायला हवा, कारण सरकारी चर्चेत तो नेहमी पुसला जातो. कॅमेऱ्यातून गेलेली आणि मग संकलनात कापून जोडलेली पट्टी म्हणजे मूळ निगेटिव्ह. ती एकच असते. तिच्यावरून चित्रपटगृहांसाठी निघतात त्या प्रिंट, आणि प्रत्येक प्रिंट हा मुळाच्या एक पायरी खालचा असतो, त्यात कणदारपणा वाढतो, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा कमी होतात. मूळ निगेटिव्हवरून एक मधली प्रत तयार करून पुढच्या प्रिंट तिच्यावरून काढणे ही शिस्तीची पद्धत आहे, पण ती खर्चाची असल्याने आपल्याकडे अनेकदा सरळ मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंटमागून प्रिंट काढले गेले. परिणाम विचित्र झाला. जो चित्रपट अधिक चालला त्याची निगेटिव्ह अधिक वेळा यंत्रातून गेली आणि तीच अधिक झिजली, ओरखडली, फाटली. लोकांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटाची मूळ पट्टी सुस्थितीत असेल असे आपण गृहीत धरतो, तिथेच फसतो.

त्यात आपली हवा. 1950च्या दशकानंतरच्या फिल्मचा पाया ज्या अ‍ॅसिटेटचा असतो, ते उष्णता आणि दमटपणा यांत विघटित होते आणि त्यातून शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, उग्र वास सुटतो. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की ती मंदावता येते, उलटवता येत नाही, आणि एका डब्यातून ती शेजारच्या डब्यांनाही लागते. रंगीत फिल्मचे दुखणे आणखी वेगळे आहे. तिच्यातले तीन रंगद्रव्यांचे थर सारख्या वेगाने उडत नाहीत. जुन्या प्रिंटमध्ये निळसर थर आधी जातो आणि सगळे जग गुलाबी-तांबूस होऊन बसते. हे टाळायचे तर रंगीत निगेटिव्ह कोरड्या हवेत, शून्याच्या आसपासच्या तापमानात ठेवावी लागते. चेन्नईच्या मे महिन्यात एखाद्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात, वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या पट्टीचे काय होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग ती तिथे का पडून राहते? कारण ती दिग्दर्शकाची नसते. 1957च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. 2010 साली आलेल्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर सहकर्ता मानण्याची तरतूद सुचवली होती. 2012 साली कायदा मंजूर झाला तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या पदरात हक्क पडले, दिग्दर्शकाची तरतूद गळून गेली. निर्माता बहुधा एखाद-दुसरा चित्रपट काढून, कर्ज काढून, कधी बुडून, या धंद्यातून निघून गेलेला असतो. निगेटिव्ह प्रयोगशाळेत असते, तिचे भाडे थकलेले असते, हक्क एकाकडून दुसऱ्याकडे विकले गेलेले असतात, आणि ज्याने हक्क घेतले त्याला दूरचित्रवाणीवर दाखवण्यापुरती एक टेप मिळाली की त्याचे काम भागते. 2010नंतरच्या काही वर्षांत चित्रपटगृहे आणि कॅमेरे दोन्ही डिजिटल झाले, तेव्हा प्रयोगशाळांचा रासायनिक धंदाच बसला. मालक सापडत नाही, भाडे येत नाही, जागेची किंमत वाढते आहे, अशा वेळी गोदामातल्या डब्यांचे काय करायचे हा त्या प्रयोगशाळेपुढचा प्रश्न होता, आणि तिने काही केले तरी चित्रपट जपण्याचा कुठलाही कायदा आड येत नव्हता, कारण तसा कायदाच नाही.

याच देशात पुस्तकांसाठी मात्र 1954 सालचा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. या कायद्याचे पालन कितपत होते हा वेगळा विषय आहे, मराठी प्रकाशकांना त्याबद्दल विचारले तर बरेचजण हसतील. तरीही तत्त्व मान्य झालेले आहे की छापून प्रसिद्ध झालेली गोष्ट एका अर्थी सार्वजनिक असते आणि तिची एक प्रत समाजाकडे राहिली पाहिजे. चित्रपटाला हे तत्त्व आपण कधी लावलेच नाही. फ्रान्सने 1970च्या दशकातच ते लावले. आपल्याकडे पुरस्कारप्राप्त आणि निवडक चित्रपटांचे प्रिंट राष्ट्रीय संग्रहालयात घेण्याची पद्धत आहे, आणि ती नसती तर आणखी हानी झाली असती हे मान्यच केले पाहिजे. पण प्रिंट म्हणजे निगेटिव्ह नव्हे, आणि निवड करून घेणे म्हणजे कायद्याने जमा होणे नव्हे. अरविंदन यांच्या 'कुम्माट्टी' या मल्याळम चित्रपटाचे पुनरुज्जीवन 2021 साली झाले, ते संग्रहालयात राहिलेल्या जुन्या प्रिंटवरूनच करावे लागले. ते सुंदर झाले, आणि प्रिंट होता म्हणूनच झाले. मूळ पट्टी हाताशी असती तर ते किती वेगळे झाले असते, हे मात्र आता कुणालाच कळणार नाही.

2023 साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद आली. चित्रपटाचे प्रमाणपत्र आता कायमस्वरूपी वैध राहील, असेही कायद्याने ठरले. ही दुसरी तरतूद वाचताना मी थोडा थबकलो. प्रमाणपत्र कायमचे, आणि ज्याला ते दिले ती वस्तू मात्र निर्मात्याच्या मर्जीवर आणि चेन्नईच्या हवेवर. चित्रपट चोरीला जाऊ नये याची काळजी संसदेने घेतली, तो नाहीसा होऊ नये याची घेतली नाही. चोरीमुळे निर्मात्याचे आजचे नुकसान होते आणि निर्मात्यांच्या संघटना असतात. चित्रपट नष्ट झाल्याने जे नुकसान होते ते चाळीस वर्षांनंतरच्या प्रेक्षकाचे, आणि त्याची संघटना नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. चित्रपट हा खाजगी माल आहे, निर्मात्याने तो सांभाळला नाही तर करदात्याने का सांभाळावा? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण मग सरकारने त्या खाजगी मालाला सहा-सहा वेळा राष्ट्रीय पुरस्कार द्यायला नको होते. महेंद्र यांच्या वाट्याला छायालेखनाचे दोन, आणि 'वीडु', 'संध्या रागम', 'वण्ण वण्ण पूक्कळ', 'तलैमुरैगळ' या चित्रपटांना मिळून चार, असे सहा राष्ट्रीय पुरस्कार आले. त्यांतला 'संध्या रागम'चा पुरस्कार कुटुंबकल्याण या विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा होता आणि 'तलैमुरैगळ'चा राष्ट्रीय एकात्मतेचा, म्हणजे ज्या विषयांना शासन स्वतःच सार्वजनिक हिताचे मानते त्यांचे. एकदा राष्ट्राच्या नावाने गौरव केला की तो माल निव्वळ खाजगी राहत नाही. शिवाय सक्तीने जमा करण्याचा कायदा आला तर मुख्य खर्च करदात्याचा होणारच नाही. कोट्यवधींच्या निर्मितीखर्चात एक उत्तम दर्जाची प्रत काढून जमा करणे हा फार तर एखाद्या दिवसाच्या चित्रीकरणाइतका खर्च आहे. करदात्याचा भाग सांभाळण्याचा, आणि तो खर्च करण्याची सरकारची तयारी आहे हे कागदोपत्री दिसतेच. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला 597 कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळालेली आहे. पण ही सारी रक्कम आधीच आजारी पडलेल्या चित्रपटांवरच्या उपचारांची आहे, आणि नवे रुग्ण रोज तयार होत आहेत.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडून येतो: आता सगळे डिजिटल आहे, फिल्मचे रडगाणे कशाला? महेंद्र स्वतः डिजिटलच्या विरोधात नव्हते. 2000 साली सन टीव्हीसाठी त्यांनी 'कथै नेरम' या मालिकेत वेगवेगळ्या लेखकांच्या 52 कथा पडद्यावर आणल्या. 2013 साली आलेला 'तलैमुरैगळ' हा त्यांचा शेवटचा चित्रपट त्यांनी साध्या छायाचित्रणाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि आजोबांची भूमिकाही स्वतःच केली. पण डिजिटल म्हणजे टिकाऊ हा समज फिल्म टिकते या समजाहूनही धोक्याचा आहे. हार्ड डिस्क न वापरता कपाटात ठेवली तर ती काही वर्षांत चालू होईल याची खात्री नसते. संग्रहालये ज्या चुंबकीय टेपवर विदा (डेटा) साठवतात त्या टेपची नवी पिढी काही वर्षांनी येते आणि नवे यंत्र फार जुनी टेप वाचत नाही, म्हणून दर काही वर्षांनी सगळे उतरवून घ्यावे लागते. फिल्म निदान दुर्लक्षित अवस्थेत वीस वर्षे तग धरते आणि उजेडासमोर धरली तर डोळ्यांनी दिसते. डिजिटल फाइलकडे तेवढा काळ कुणी पाहिले नाही तर ती फिकट होत नाही, थेट नाहीशी होते. महेंद्र यांच्या पहिल्या तमिळ चित्रपटाचे नाव 'अळियाद कोलंगळ', म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या रांगोळ्या. तमिळ घरापुढची रांगोळी रोज पुसली जाते आणि रोज पहाटे पुन्हा काढली जाते. डिजिटल जतन त्या रोजच्या रांगोळीसारखे आहे, पण ती रोज काढणारे हात कुणाचे, हे कायद्याने ठरवायला हवे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो महेंद्र यांच्या आयुष्यातूनच येतो. जतन करायचे म्हणजे थोरवीची मोहोर उमटवायची का? शोभा ही अभिनेत्री 'कोकिला', 'अळियाद कोलंगळ' आणि 'मूडु पनि' या त्यांच्या चित्रपटांत होती, 'मुळ्ळुम मलरुम'मध्येही होती. दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आधीच विवाहित असलेल्या महेंद्र यांच्याशी तिचा विवाह झाला होता, आणि 1 मे 1980 रोजी तिने आत्महत्या केली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. 'मूडु पनि' तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या गौरवपर लेखांमध्ये हा भाग एका हळव्या ओळीत गुंडाळला जातो, प्रेमकथेची शोकांतिका वगैरे शब्दांत. मला ते पटत नाही. तिचे वय आणि त्याचे वय, दोघांचे धंद्यातले स्थान, हे सगळे समोर ठेवूनच त्या काळाकडे पाहावे लागते, आणि उजेडाच्या जाणकारीने त्यातले काही उजळत नाही.

पण म्हणूनच रिळे जपायला हवीत. शोभाने अवघ्या काही वर्षांत जे काम केले तेच तिचे उरलेले आयुष्य आहे, आणि ते दिग्दर्शकाच्या नावावर जमा असलेल्या पट्ट्यांवर आहे. त्या पट्ट्या गेल्या तर त्याच्याविषयीचा पुरावाही जाईल आणि तिचे कामही जाईल, आणि उरतील फक्त आठवणींचे लेख, जे बहुधा त्याच्याच बाजूने लिहिलेले असतात. संग्रहालय हा काही पुतळ्यांचा चौक नाही. जन्ममृत्यूची नोंदवही जशी सज्जन-दुर्जन पाहत नाही तशी चित्रपटाची जमा नोंदही पाहू नये. नेमके याच कारणासाठी निवड समितीपेक्षा सरसकट सक्ती बरी. कुठला चित्रपट महत्त्वाचा हे ज्या त्या काळाला कळतेच असे नाही. पी. के. नायर यांचे मोठेपण मला यातच वाटते की ते सगळेच गोळा करत, वाईट म्हणून कुणी टाकून दिलेलेही.

नायर यांना एक मोठे दुःखही सांभाळावे लागले. पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी आग लागली आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. ते निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. 'प्रभात'च्या जुन्या आवारात, लॉ कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांच्या डोळ्यांदेखत, या देशाच्या सुरुवातीच्या बोलपटांचा मोठा ऐवज काही तासांत गेला. पुण्याने त्यावर हळहळ व्यक्त केली, चार दिवस बातम्या आल्या. त्यातून जो धडा घ्यायचा होता तो मात्र अजून घेतलेला नाही: एका शहरातल्या एका आवारात देशाचा चित्रपट ठेवू नये. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' 1931 साली मुंबईत, इम्पीरियल स्टुडिओत, 'आलम आरा'च्याच नेपथ्यावर झाला. आज ते दोन्ही चित्रपट नाहीत. निगेटिव्ह, मधली प्रत आणि प्रिंट तीन वेगळ्या ठिकाणी असणे ही चैन नव्हे, विम्यासारखी साधी खबरदारी आहे.

महेंद्र यांनी तमिळनाडूकडे संग्रहालय मागितले ते योग्यच होते. ज्या राज्याचे निम्मे राजकारण चित्रपटाच्या पडद्यावरून आले, ज्याचे पाच मुख्यमंत्री चित्रपटलेखनातून किंवा अभिनयातून आले, त्या राज्याला अशा संस्थेची गरज पटवून द्यावी लागावी हेच आश्चर्य. तरीही राज्याराज्यांवर हे काम सोपवून केंद्राने मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. खुद्द महेंद्र यांची नामावली पाहा: श्रीलंकेत जन्म, पुण्यात शिक्षण, मल्याळममध्ये पदार्पण, कन्नडमध्ये पहिले दिग्दर्शन, तेलुगूत आणि हिंदीत काम, आणि मग तमिळ दिग्दर्शक ही ओळख. चेन्नईने 'वीडु' सांभाळला तरी 'कोकिला' कुणाचा? कन्नड संग्रहालय म्हणेल तो तमिळ माणसाचा, तमिळ संग्रहालय म्हणेल तो कन्नड भाषेतला. दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या तंत्रज्ञांची हीच अवस्था आहे, आणि मुंबई-कोल्हापुरात मराठी-हिंदी अशी दुहेरी कारकीर्द केलेल्यांचीही. म्हणून कायदा केंद्राचा हवा, साठवण विकेंद्रित हवी.

कुणी असेही म्हणते की महेंद्र यांचे काम त्यांच्या शिष्यांमध्ये जिवंत आहे. बाला, वेट्रीमारन, राम, सीनू रामसामी हे सगळे त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि आजच्या तमिळ चित्रपटातला बराच जोम तिथून आलेला आहे हे खरेच आहे. चित्रपटाआधी साहित्य वाचायला लावणारा हा गुरू होता. पण शिष्य गुरूची नजर पुढे नेतात, गुरूची चित्रचौकट पुढे नेऊ शकत नाहीत. भीमसेन जोशींना ऐकून सवाई गंधर्व कळतात असे आपण म्हणतो, तरी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका सापडली की धावत जातोच ना?

करायचे काम तसे किचकट नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाची प्रादेशिक कार्यालये चेन्नईसह नऊ शहरांत आहेत आणि प्रत्येक निर्माता कधी ना कधी तिथे अर्ज घेऊन जातोच. त्या अर्जासोबत आज अनेक कागद जोडावे लागतात. त्यांत आणखी एक पावती असावी, चित्रपटाची सर्वोच्च दर्जाची, सांकेतिक कुलूप नसलेली डिजिटल प्रत ठरवलेल्या संग्रहालयात जमा केल्याची, आणि फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या चित्रपटाचे हक्क विकले जाताना त्याची निगेटिव्ह कुठे आहे आणि कशा अवस्थेत आहे हे नोंदवल्याची. पावती नसेल तर प्रमाणपत्र नाही, आणि निगेटिव्हचा ठावठिकाणा नसेल तर हक्कांच्या हस्तांतराची नोंद नाही. 'वीडु'च्या बाबतीत या दुसऱ्या कलमाला उशीर झाला आहे. पण त्याच काळातल्या, त्याच शहरातल्या किती डब्यांवर अजून नावे वाचता येतात, हे निदान एकदा मोजून तरी पाहावे.